उन्हाच्या बाजूची भिंत

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला जुने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत एका ओळीत उभ्या आहेत. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी १८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पाडायला घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ही ओळ उठली. तेव्हा तिच्यासमोर मैदान, रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे थेट समुद्र होता. बॅकबेची भरणी आणि मरीन ड्राइव्ह पुष्कळ नंतरचे. या सगळ्या इमारतींचे तोंड पश्चिमेला आहे आणि मुंबईत पश्चिमेला तोंड करणे ही साधी गोष्ट नाही. वारा तिकडून येतो, देखावा तिकडे असतो. पण दुपारनंतरचे तिरपे ऊन आणि पावसाळ्यातली आडवी झडही तिकडूनच येते.

जुन्या सचिवालयाचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. इमारत १८७४ मध्ये पुरी झाली. तिच्या व्हेनिसच्या वळणाच्या कमानींवर आणि दगडातल्या नक्षीवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या कमानींमागचा व्हरांडा मात्र बहुतेक लेखक एका ओळीत उरकतात, आणि सरकारी कचेरी म्हणून ही इमारत चालली ती त्या व्हरांड्यामुळे. ऊन कमानीतून आत येते, व्हरांड्याच्या फरशीवर पडते आणि तिथेच थांबते. कारकुनाच्या टेबलामागची खरी भिंत दुपारभर सावलीत राहते. पावसाची झडही व्हरांड्यातच जिरते, म्हणून दारे-खिडक्या ऐन जुलैतही उघड्या ठेवता येतात आणि कागद भिजत नाहीत. उंच छत, दारांवरची झडप आणि झिलमिलीच्या फळ्या मिळून तापलेल्या हवेला वर जायला वाट देतात. म्हणजे या इमारतीला दोन भिंती होत्या. बाहेरची ऊन-पाऊस अडवणारी, आतली खोली बंद करणारी. मधला आठ-दहा फुटांचा पट्टा हा तिचा सगळा वातानुकूलनाचा खर्च.

सूर्याचे गणित पाहिले की हा पट्टा पश्चिमेलाच एवढा का लागतो ते कळते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत तो किंचित उत्तरेला कललेला असतो. डिसेंबरात दक्षिणेला जातो, पण तेव्हाही दुपारी क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा काढला तरी बरेच काम भागते. पश्चिमेला मात्र चार-पाच वाजता सूर्य इतका खाली उतरलेला असतो की छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. त्याला अडवायचे तर खोल व्हरांडा हवा, उभे पंख हवेत, नाहीतर त्या बाजूला भिंतच हवी.

याच परिसरात एक वेगळी इमारतही उभी राहिली होती. काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, आजचे एस्प्लनेड मॅन्शन, हे १८६०च्या दशकात रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याच्या आराखड्यानुसार बांधले गेले. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडला. सगळे वजन सांगाड्याने पेलल्यामुळे बाहेरच्या भिंतीला उचलायला काही उरले नाही. तिला हवे तितके पातळ होता येत होते, तिच्या जागी नुसती काचही चालली असती. वॉटसनच्या मालकांनी ती मोकळीक सज्ज्यांसाठी वापरली. पण उंच इमारतींचा पुढचा सगळा इतिहास याच मोकळिकीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९१८ मध्ये विलिस पोक यांनी हॅलिडी बिल्डिंगच्या रस्त्याकडच्या अख्ख्या अंगावर काचेचा पडदा टांगला, तेव्हा त्या मोकळिकीचा पूर्ण अर्थ प्रथम दिसला.

मुंबईने काही दशके सावलीची शिस्त सोडली नाही. काँक्रीट आले, दगडी कमानी गेल्या, तरी ऊन अडवण्याची रीत नव्या रूपात टिकली. फोर्टमधली न्यू इंडिया अश्युरन्सची १९३६ सालची इमारत मास्टर, साठे आणि भुता या मुंबईच्याच कचेरीने केली. तिच्या दर्शनी भागावर काँक्रीटच्या उभ्या धारा आहेत आणि खिडक्या त्यांच्या मध्ये आत बसवलेल्या आहेत. ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको घरांवर मजल्यामजल्याला भुवईसारखे छज्जे फिरतात. युनेस्कोने २०१८ मध्ये मैदानाच्या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा जाहीर केल्या. शैली पाहिली तर त्या एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या आहेत, पण उन्हाशी वागण्याची दोघींची तऱ्हा एकच आहे.

ही तऱ्हा मोडली ती यंत्राने. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला ओलावा आवरणारी योजना केली. कागद फुगून रंग चुकत होते, एवढीच त्या छापखान्याची अडचण होती. १९२८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत मायलम बिल्डिंग ही संपूर्ण वातानुकूलित अशी पहिली उंच कार्यालयीन इमारत उघडली. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये व्होल्टास या कंपन्या याच शहरात उभ्या राहिल्या. दरम्यान १९३८ पासून ट्यूबलाइट बाजारात आली होती. या दोन शोधांनी मिळून कचेरीचा आकारच बदलला. खिडकीपासून वीस-पंचवीस फुटांपलीकडे उजेड आणि वारा पोचत नाही, म्हणून इमारती अरुंद ठेवाव्या लागत. ती अट उठली. मजला कितीही खोल करा, उजेड नळीतून आणि वारा डक्टमधून येईल असे झाल्यावर भिंत कशी असावी हा प्रश्न वास्तुरचनाकाराकडून यंत्र अभियंत्याकडे गेला. तिथे त्याचे रूप साधे होते: किती टनांची यंत्रणा लागेल?

या वळणावर पोळलेल्यांपैकी पहिले मोठे नाव वास्तुरचनाकार ल कॉर्बूझिए यांचे. १९३३ साली पॅरिसमध्ये त्यांनी साल्व्हेशन आर्मीसाठी बेघरांचे आश्रयस्थान बांधले. दक्षिणेला सुमारे हजार चौरस मीटर काच आणि उघडणारी खिडकी एकही नाही. मूळ कल्पनेत काचेचे दोन थर, त्यांच्यामधून फिरणारी गरम-थंड हवा आणि आतल्या हवेला थंडावा देणारे यंत्र होते. पैसे कमी पडले. काच एकपदरी लागली, थंड करणारे यंत्र गेले, आणि बंद खिडक्या तेवढ्या राहिल्या. हिवाळ्यात कौतुक झाले. उन्हाळा आला तेव्हा आत राहणाऱ्या आया-बाळांची जी अवस्था झाली तिच्यामुळे प्रशासनाने खिडक्या उघडण्याजोग्या करायला लावल्या. दुसऱ्या महायुद्धात काचा फुटल्या आणि दुरुस्तीच्या वेळी त्या भिंतीसमोर काँक्रीटची ऊनरोधक जाळी बसवली गेली.

कॉर्बूझिए यांचे मोठेपण असे की त्यांनी त्या उन्हाळ्यातून विचार पुढे नेला. रिओ द जानेरोत १९३६ पासून शिक्षण आणि आरोग्य मंत्रालयाची उंच इमारत आखली जात होती. लुसिओ कोस्टा प्रमुख, तरुण ऑस्कर निमायर त्यांच्या सोबत, कॉर्बूझिए सल्लागार. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते. म्हणून तिथे दक्षिणेची भिंत सगळी काचेची ठेवली आणि उत्तरेच्या भिंतीवर काँक्रीटच्या चौकटीत आडव्या फिरत्या पट्ट्या बसवल्या. कारकुनाने दांडा फिरवला की पट्टीचा कोन बदलतो. एकाच इमारतीच्या दोन बाजू दोन वेगळ्या कामांसाठी दोन तऱ्हांनी घडवायच्या, हे उंच कार्यालयीन इमारतीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या स्पष्टपणे इथे प्रथम झाले.

तोच धडा १९५४ मध्ये अहमदाबादला आला. साबरमतीच्या काठावर गिरणीमालक संघाची कचेरी कॉर्बूझिए यांनीच बांधली. पूर्वेला, नदीच्या बाजूला, काँक्रीटचे पंख काटकोनात आहेत. नदीचा देखावा आणि वारा मोकळा राहतो. पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, तेच पंख तिरके वळवले आहेत. वारा येतो, पण दुपारचे ऊन आणि रस्त्यावरच्या नजरा अडतात. इमारत चारच मजल्यांची आहे. पण पुढे भारतात जे मनोरे झाले त्यांतल्या फार थोड्यांनी आपल्या चार बाजूंकडे इतक्या बारकाईने पाहिले, हे खेदाने म्हणावे लागते.

कारण जगाने उचलला तो नमुना दुसरा होता. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ मजली सचिवालयाच्या अरुंद बाजू संगमरवराने बंद आहेत आणि पूर्व-पश्चिमेच्या रुंद बाजू पूर्ण काचेच्या, म्हणजे उन्हाच्या हिशेबाने नेमके उलटे. आराखडा ठरत होता तेव्हा कॉर्बूझिए यांनी सिनेटर वॉरन ऑस्टिन यांना पत्र लिहून बजावले होते की न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात बाहेरून ऊन अडवल्याशिवाय एवढी काच लावणे चुकीचे आहे. त्यांचे ऐकले गेले नाही. हिरवट दुपदरी काच, आतून पडदे आणि कॅरिअर कंपनीची मोठी यंत्रणा यांवर भिस्त ठेवून १९५०च्या सुमारास इमारत उभी राहिली. पाठोपाठ १९५२ मध्ये पार्क ॲव्हेन्यूवर गॉर्डन बनशाफ्ट यांनी आखलेले लिव्हर हाउस आले. त्याच्या खिडक्या कायमच्या बंद होत्या आणि बाहेरून काचा पुसायला गच्चीवरून सोडलेला पाळणा होता. जगभरच्या कंपन्यांना आपलेही मुख्यालय असेच हवेसे वाटू लागले.

भारतात त्या लाटेचा पहिला ठळक परिणाम मद्रासला दिसला. माउंट रोडवरची एलआयसीची इमारत लंडनच्या ब्राउन आणि मोलिन यांनी संयुक्त राष्ट्रांचे सचिवालय नजरेसमोर ठेवून आखली आणि मद्रासमध्ये व्यवसाय करणारे वास्तुरचनाकार ल. म. चितळे यांनी ती १९५९ मध्ये पुरी केली. १९७५ मध्ये तिला मोठी आग लागली. उंच इमारतीतली आग, धूर आणि सुटकेची वाट हा विषय भारतातही तेव्हापासून टाळता येणारा राहिला नाही.

काचेच्या भिंतीचा स्वतंत्र तज्ज्ञ लागतो, हे मात्र जगाला बॉस्टनने शिकवले. कोप्ली चौकातला जॉन हँकॉक टॉवर हा साठ मजल्यांचा, ७९० फूट उंच, निळसर आरशासारखा मनोरा. आराखडा आय. एम. पेई यांच्या कचेरीतल्या हेन्री कॉब यांचा. त्याला १०,३४४ तावदाने होती आणि प्रत्येकाचे वजन सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो. जानेवारी १९७३ मधल्या एका वादळी रात्री ती निखळू लागली. इमारत अजून वापरात आली नव्हती, रस्ता रिकामा होता, म्हणून जीव वाचले. नंतर पडलेल्या आणि तडकलेल्या काचांच्या जागी प्लायवुड ठोकले गेले. पुढे वाऱ्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास गेला की पोलीस खालचे रस्ते बंद करत. बॉस्टनकरांनी त्या मनोऱ्याला प्लायवुडचा राजवाडा म्हणायला सुरुवात केली.

सगळ्यांचा पहिला संशय वाऱ्यावर आणि सांगाड्याच्या हलण्यावर गेला. सांगाड्यात त्रुटी होत्याही. वरच्या मजल्यांवर डोलणे कमी करायला ३०० टनांची दोन वजने बसवावी लागली आणि आत सुमारे १,५०० टन तिरपे पोलाद घालावे लागले. पण काचा फुटण्याचे कारण फार लहान जागी सापडले. दुपदरी काचेच्या दोन तावदानांमध्ये कडेने शिशाची पट्टी होती आणि ती परावर्तक थराला डाखाने जोडलेली होती. हा सांधा फार घट्ट होता. ऊन-थंडीने आणि वाऱ्याने काच रोज थोडी हलते, आकसते, प्रसरण पावते. सांध्याने थोडे सरकू द्यायला हवे होते. तो सरकला नाही, शिसे थकले, त्याला बारीक चिरा गेल्या आणि त्या चिरा काचेत उतरल्या. शेवटी १०,३४४ च्या १०,३४४ तावदाने बदलली. इमारत १९७६ मध्ये उघडली. खर्च साडेसात कोटी डॉलरच्या अंदाजावरून साडेसतरा कोटींवर गेला होता.

दोन गोष्टी या प्रकरणात आजही टोचतात. एक, नवी काच एकपदरी आणि कडक केलेली होती. सुरक्षित, पण उष्णता अडवण्यात मूळच्या दुपदरी काचेपेक्षा कमजोर. आणि ती बसली तेव्हा तेल नुकतेच महाग झाले होते. दुसरी, कोर्टाच्या तडजोडीत सगळ्या पक्षांनी गप्प राहायचे ठरवले आणि अपयशाचे खरे कारण पुष्कळ वर्षे उघडपणे मांडले गेले नाही. त्या काळात जगभर शेकडो मनोरे बांधले जात होते. सांध्याच्या जागेचा एवढा मोलाचा अनुभव कुलपात ठेवणे हे काचा पडण्याइतकेच गंभीर होते.

याच दशकात बाह्यकवचाच्या धंद्याचे दोन पाय तयार झाले. पहिला पाय सुरक्षिततेचा. नमुन्याची भिंत प्रत्यक्ष मापात, दोन मजल्यांची, चाचणीच्या पेटीवर उभी करायची. आतून हवेचा दाब कमी-जास्त करायचा, बाहेरून पाण्याचे फवारे मारायचे, त्यावर विमानाच्या पंख्याने वादळ सोडायचे आणि पाणी कोणत्या सांध्यातून झिरपते ते शोधायचे. नकाशावर निर्दोष दिसणारी गास्केट, म्हणजे सांध्यातली रबरी पट्टी, इथे उघडी पडते. मनोऱ्याला लावण्याआधी भिंत अशी नापास होणे हे सगळ्यांच्या फायद्याचे असते, आणि फसाड सल्लागाराची, म्हणजे बाह्यकवचाच्या तज्ज्ञाची, बरीचशी फी या नापासीसाठीच सत्कारणी लागते.

दुसरा पाय ऊर्जेचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने १९७५ मध्ये इमारतींच्या ऊर्जावापराचे पहिले मानक काढले. उष्ण कटिबंधासाठी जास्त उपयोगाचे पाऊल मात्र सिंगापूरने टाकले. १९७९ च्या नियमांत तिथे वातानुकूलित इमारतीच्या बाह्यकवचातून आत येणाऱ्या उष्णतेवर सरासरी मर्यादा आली, भिंतीच्या दर चौरस मीटरमागे ४५ वॅट. हिशेबात तीन वाटा धरल्या होत्या: भरीव भिंतीतून झिरपणारी उष्णता, बाहेरच्या-आतल्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून येणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारे ऊन. विषुववृत्ताजवळ तिसरी वाट बाकी दोघींवर मात करते, हे आकड्यांनीच दिसू लागले. मालकाला काच जास्त हवी तर त्याने छज्जे-पंख लावावेत, ऊन कमी घेणारी काच घ्यावी, नाहीतर भरीव भिंत वाढवावी. वास्तुरचनेचा हट्ट आणि विजेचे बिल पहिल्यांदा एका समीकरणात आले.

भारतात ज्ञान नव्हते असे मुळीच नाही. रुडकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था १९४७ पासून आहे. सूर्याचे कोन, छज्ज्याची खोली, भिंतींची उष्णतारोधकता यांवर तिथे दशकानुदशके काम झाले. भारतीय मानक ब्यूरोची एसपी ४१ ही इमारतींच्या उजेड-वाऱ्यावरची हस्तपुस्तिका १९८७ ची. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पेडर रोडजवळ कांचनजंगा हा २८ मजली निवासी मनोरा बांधला तो याच पश्चिमेच्या पेचावर उत्तर म्हणून. समुद्र आणि वारा पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही पश्चिमेला. म्हणून त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून दोन मजली उंच बागेच्या रूपात मनोऱ्याच्या कोपऱ्यांत कोरला. कचेऱ्यांच्या मनोऱ्यांत तो कोणी कोरला नाही. नरिमन पॉइंटला तोवर जोसेफ स्टाइन यांचे एक्स्प्रेस टॉवर्स आणि जॉन बर्गी यांची १९७४ ची एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी होती, आणि जमिनीचा भाव असा चढत होता की व्हरांड्याला जागा देणे म्हणजे भाडे सोडणे.

चटईक्षेत्राचा हा हिशेब नीट समजून घेतल्याशिवाय काचेच्या मुंबईला दोष देणे अन्यायाचे होईल. विटांची भिंत, प्लास्टर आणि छज्जा यांना जागा लागते, परांची लागते, महिने लागतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीतले काचेचे तयार तावदान कारखान्यात जोडून येते, क्रेनने उचलून मजल्याच्या कडेला अडकवले की भिंत झाली. शिवाय १९९१ नंतर येणाऱ्या परदेशी बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना न्यूयॉर्क-सिंगापूरसारखी दिसणारी जागा हवी होती. कच्चा मालही घरात आला. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याने १९०८ पासून आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने पुढे स्वदेशी काचेचा मान राखला होता, पण इमारतींना लागणारी मोठी, सपाट, निर्दोष काच वेगळी. वितळलेल्या कथिलावर काच तरंगत पसरवण्याची ॲलिस्टर पिल्किंग्टन यांची १९५९ साली जाहीर झालेली पद्धत भारतात १९९०च्या दशकात आली. अंकलेश्वरला आणि मग २००० मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मोठे कारखाने सुरू झाले. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, हिंजवडी इथल्या भिंती त्यानंतर झपाट्याने चकाकू लागल्या.

त्या काचेत ऊन किती शिरते हे आकड्यात सांगता येते. सहा मिलिमीटरची साधी पारदर्शक काच अंगावर पडलेल्या सौरउष्णतेपैकी ८० टक्क्यांहून अधिक आत सोडते. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि २०१७ मध्ये ती कडक केली. ही २०१७ ची संहिता शंभर किलोवॉट किंवा अधिक जोडभार असलेल्या इमारतींसाठी होती. सरळ आकड्यांच्या मार्गाने जाणाऱ्याने भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त काच लावू नये आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात, उत्तर सोडून बाकी बाजूंच्या काचेने २७ टक्क्यांहून अधिक सौरउष्णता आत सोडू नये, असे ती सांगत होती. उजेड मात्र निदान तितकेच टक्के आत यायला हवा होता. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय लोक काळीकुट्ट काच लावून मोकळे होतात, मग भर दुपारी आत दिवे जळतात आणि त्या दिव्यांची उष्णता काढायला पुन्हा वीज जाळावी लागते.

हरित इमारतीचे प्रशस्तिपत्र त्याआधीच येऊन पोचले होते. हैदराबादचे सीआयआय-सोराबजी गोदरेज केंद्र २००३ मध्ये अमेरिकेबाहेरची पहिली लीड प्लॅटिनम इमारत ठरले. करण ग्रोव्हर यांनी तिथे मधला चौक, जाळ्या आणि हवेचे मनोरे वापरले. पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्या सुझलॉन वन अर्थने २००९ मध्ये काचेबाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा उभा केला. दोन्ही ठिकाणी मोकळी जमीन होती आणि इमारती बसक्या होत्या. तीस-चाळीस मजल्यांवर बाहेर पट्टी काढली की वाऱ्याचा ओढा, खारी हवा, कबुतरे आणि पुसायला येणारा पाळणा असे चार नवे प्रश्न उभे राहतात. सल्लागाराचे काम इथे खरे जड होते. संगणकावर वर्षाच्या ८,७६० तासांचे ऊन चालवून तो पश्चिमेची काच कमी करा म्हणतो. विकासक म्हणतो, समुद्र पश्चिमेला आहे, भाडे त्याचेच मिळते. या खडाजंगीत जो मनोरा चारही बाजूंना एकच काच लावून बाहेर पडतो, त्याच्यावर प्रशस्तिपत्राची पाटी असली तरी त्याच्या कवचाचा विचार झालाच नाही, असे खुशाल समजावे.

अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला १८ जुलै २०१४ रोजी लागलेल्या आगीने आणखी एक कलम या कामात घातले. वीसहून अधिक मजल्यांच्या त्या बंद काचेच्या इमारतीत धुराला बाहेर जायला वाट नव्हती आणि अग्निशमन दलाचा एक जवान गेला. त्यानंतर उघडणाऱ्या काचा कुठे आणि किती, मजल्याची कड आणि काच यांच्यामधली फट कशाने बंद करायची, हे प्रश्न उन्हाच्या हिशेबाइतकेच आधी विचारले जाऊ लागले.

आता या धंद्याचे मोठे काम जुन्या मनोऱ्यांवर आहे. लिव्हर हाउसची काच विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर बदलली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाला त्यानंतरच्या दशकभरात नवी भिंत मिळाली. एम्पायर स्टेट बिल्डिंगने वेगळी वाट धरली. २०१० मध्ये तिच्या ६,५१४ खिडक्यांची तावदाने उतरवून इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर थाटलेल्या कारखान्यात नेली. जुनीच काच धुऊन, मध्ये पातळ पडदा आणि वायू भरून ती पुन्हा बसवली. थंडीच्या देशातल्या त्या इमारतीने खिडक्या, रेडिएटरमागचे उष्णतारोधक पत्रे आणि थंडाव्याची यंत्रणा यांचा एकत्र विचार करून ऊर्जेची ३८ टक्के बचत आखली होती. आधी कवच सुधारल्यामुळे नवी, मोठी यंत्रे घ्यावी लागली नाहीत, जुनीच दुरुस्त करून भागले. हा क्रम भारतात अजून उलटा चालतो: आधी चिलर बदलतात, मग कधीतरी काचेकडे पाहतात.

नरिमन पॉइंटच्या मनोऱ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाकडे देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मान्यता दिली. समुद्राच्या थेट तोंडावरच्या या २३ मजल्यांवर सरकारी कचेऱ्या बसवायच्या तर पहिली निविदा फर्निचरची निघू नये. चारही भिंतींचे ऊन स्वतंत्र मोजावे, खाऱ्या हवेने खाल्लेल्या सळया आणि खिडक्यांचे सांधे तपासावेत, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली देता येते का ते दोन मजल्यांच्या नमुन्यावर एका पावसाळ्यात पाहावे, आणि त्यानंतरच किती टनांची यंत्रणा लागेल याचा आकडा काढावा.